मुंबई सोडणारे नाना

दर चाळीत एक तरी माणूस मुंबई सोडत असतो. सोडून गेलेला नव्हे. त्याचं काय कौतुक? तो बदलापूरला ब्लॉक घेतो, टेम्पोत कपाट चढवतो, पेढे वाटतो आणि गणपतीपर्यंत लोक त्याचं आडनावही विसरतात. मी म्हणतोय तो सोडत *असणारा*. गिरगावातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत असे एक नाना आहेत. वय बहात्तर. मुंबई सोडण्याचा अनुभव पस्तीस वर्षांचा.

घोषणा बहुधा जूनमध्ये होते. हिंदमाताला पाणी तुंबलं की नाना गॅलरीत येतात, कठड्यावर पंचा पिळतात आणि समोरच्या चाळीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात, "बास! यंदा मुंबई सोडायची." समोरून कुणीतरी "पेढे कंदी आणा हो, नाना" म्हणतं. आत काकू कुकरच्या शिट्ट्या मोजत असतात, त्या मोजत राहतात.

2005 च्या 26 जुलैला मात्र आम्हाला वाटलं, की आता खरंच गेले. सांताक्रुझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री नाना अंधेरीहून गिरगावापर्यंत चालत आले. पहाटे दारात उभं राहून म्हणाले, "सोडली." आणि झोपले. दुपारी उठले तेव्हा खालच्या बाकावर चौघं जण आपापली पायपीट सांगत होते. नानांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि मग आपली काढली. ती अजून संपलेली नाही. माझा अंदाज असा, की त्याच दुपारी त्यांच्या लक्षात आलं असावं, ही गोष्ट मुंबईबाहेर सांगून उपयोग नाही. दुसऱ्या गावात पहिल्यांदा अंधेरी कुठे ते सांगावं लागणार, मग मिठी नदी, मग ती नदी असूनही कुणाला माहीत का नव्हती ते. एवढा वेळ कोणाला आहे?

नानांकडे एक लांबट वही आहे. डावीकडे गाव, उजवीकडे शेरा. नाशिक : थंडी. दापोली : मासळी उत्तम, दवाखान्याचं काय? कोल्हापूर : काकूंना तिखट सोसत नाही. (काकू सकाळी ठेच्याबरोबर भाकरी खातात, हे सगळ्या मजल्याला माहीत आहे.) पुणं वहीत नाही. का, ते नानांनी सांगितलं नाही आणि गिरगावात कुणी विचारलंही नाही.

न सोडण्याची कारणं वहीत नसतात, ती ऋतूप्रमाणे येतात. गणपतीत कसं जाणार? नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो. मी एकदा म्हटलं, "नाना, तो कुठल्याही गावात देता येतो." तर म्हणाले, "येतो रे, पण तो त्या गावात जिवंत असल्याचा." पुढे मेट्रोचं खोदकाम आलं. भिंतीवरचं कॅलेंडर हलायला लागलं तशी नानांनी वर्षातून तीनदा मुंबई सोडली. 2025 च्या ऑक्टोबरात गिरगावचं स्टेशन सुरू झालं, तेव्हा म्हणाले, "एवढी वर्षं धूळ खाल्ली, आता गार हवेत बसायचं सोडून जाऊ?" शिवाय पागडीची खोली. पुनर्विकास 'आता होतोच आहे', हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. आपण बाहेर असताना झाला तर? नाना म्हणतात, तिजोरीवर बसलेल्या नागाने हवापालटाला जाऊ नये.

एक सांगतो, हसू नका. 1964 च्या 31 मार्चला मुंबईची शेवटची ट्राम निघाली ती बघायला अकरा वर्षांचे नाना वडिलांचं बोट धरून गेले होते. 2023 च्या सप्टेंबरात जुनी डिझेलवरची डबलडेकर बंद झाली, त्या दिवशीही इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात रुमाल ठेवून गेले. मधल्या काळात गिरण्यांचे भोंगे गेले, इराण्यांची हॉटेलं गेली. नाना मुंबई सोडणार म्हणतात, आणि मुंबईच बिचारी गुपचूप एकेक डबा सोडून चालली आहे. पण हे त्यांना सांगायची सोय नाही.

तर गेल्या माघात वाईची पाळी आली. कुणीतरी सांगितलं, कृष्णाकाठ आहे, हवा चांगली, गणपती आळीत वाड्यातल्या दोन खोल्या भाड्याने मिळतायत. नाना, काकू आणि बॅग धरायला मी, असे एसटीने निघालो. खंबाटकी उतरून सुरूर फाट्याला गाडी वळली तशी काकूंनी खिडकी सरकवली आणि म्हणाल्या, "ऊस तुटायला आलाय." नाना घड्याळ बघत होते.

स्टँडवर उतरल्यावर त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं, "वाडा ईस्टला की वेस्टला?"

रिक्षावाला गोंधळला. "आळीत हाय की."

"हो, पण स्टेशनच्या कुठल्या बाजूला?"

"टेशन नाय हितं. टेशन वाठारला." मग आम्हाला नीट न्याहाळून म्हणाला, "मुंबैनं आलायसा? आमच्या पोराला तिकडं कुठंतरी चिकटवा की. दोन वर्सं झाली, खोलीच गावंना." वाई तालुक्यातली निम्मी घरं मुंबईच्या माथाडीवर आणि गिरणीवर उभी राहिली, उलट्या दिशेने आलेलं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

वाडा झकास होता. परसात विहीर, माडीवरून पांडवगड. पण नाना चालायला निघाले आणि घोटाळा झाला. पाय मुंबईचे. आठ बावनची गाडी निसटणार असल्यासारखे आळीतल्या सगळ्यांना ओलांडत निघाले, एका म्हशीलाही डावी घातली, आणि चार मिनिटांत ढोल्या गणपतीपाशी पोचले. दर्शन झालं. घाटाच्या पायऱ्या झाल्या. रास्त्यांनी 1762 मध्ये देऊळ बांधलं, ते वाचून झालं. विश्वकोशाचं कामही याच गावात चालतं असं मी सांगितलं, तर म्हणाले, "अ पासून ज्ञ पर्यंत सगळं गोळा केलं आणि एक स्टेशन नाही?" साडेदहाला वाई संपली. पुढे काय करायचं, ते त्यांना कळेना.

पायरीवर एक म्हातारे बसले होते. "कुणाचे पाहुणे?" त्यांनी विचारलं. नाना म्हणाले, "कुणाचे नाही." म्हाताऱ्यांना ते पटलं नाही. दुपारच्या चहापर्यंत आळीत पसरलं होतं, की मुंबईचे एक गृहस्थ आलेत, कुणाचेच नाहीत, आणि स्टेशन शोधतायत.

काकू कुठे होत्या? हळदीच्या दुकानात. दोन किलो हळकुंडं, कृष्णाबाईच्या उत्सवाच्या प्रसादाचं आमंत्रण आणि माहेराकडून लांबची निघालेली एक आतेबहीण, एवढं घेऊन त्या जेवायला आल्या.

रात्री लॉजवर मला जाग आली तर नाना खाटेवर उठून बसलेले. थंडी होती, तरी पंखा पाचावर.

"गरम होतंय?"

"छे. जरा खडखडतो तो. बरं वाटतं."

खरंच, बाहेर काहीच नव्हतं. एक कुत्रं भुंकलं, तेही मन लावून नाही. घरी चर्नी रोडवरून रात्री एकची शेवटची गाडी गेली की नाना झोपतात आणि पहाटे चारनंतरची पहिली गेली की उठतात. मधले तीन तास एवढीच त्यांना शांतता लागते, ती इथे सबंध रात्रभर पसरून ठेवलेली.

वाड्याच्या मालकांना "कळवतो" सांगून आम्ही परतलो. दादरला उतरताच मागच्याने नानांच्या पाठीत कोपर घातलं, पुढच्याने पायावर पाय दिला आणि नानांच्या चेहऱ्यावर तीन दिवसांनी रंग आला.

परवा गॅलरीत बसले होते, वही मांडीवर. 'वाई'पुढे शेरा पडलेला : माणसं फार चौकश्या करतात. आमच्या मजल्यावर कुणाकडे पापलेट आणि कुणाकडे बोंबील हे वासावरून जाहीर करणारे नाना हे लिहितात! मी काही बोललो नाही. त्यांनी पान उलटलं, पेनाचं टोपण दातात धरलं आणि विचारलं, "काय रे, मिरजेला जंक्शन आहे ना?"

"आहे की. मोठं आहे."

"मग रात्रभर गाड्या असतील."

आतून काकू म्हणाल्या, "जाताना वाठारला मला उतरवा."