पाचशे मीटर

दुसऱ्यांच्या कामांचं नियोजन करणं हा माझा व्यवसाय आहे. कोणती गोष्ट कोणत्या तारखेला व्हायला हवी हे रंगीत चौकटींत लिहून दाखवायचे मला पुण्यातली एक कंपनी पैसे देते. त्या गोष्टी त्या तारखेला होत नाहीत, पण चौकटी सुबक असतात. त्यामुळे अम्मीला उमऱ्याला न्यायचं ठरलं, तेव्हा घरातल्या बाकीच्यांनी दुआ मागितली आणि मी लॅपटॉप उघडला.

हजचे दिवस ठरलेले असतात, जिल्हिजच्या आठपासून तेरापर्यंत. उमऱ्याला तसं बंधन नाही. हजच्या आसपासचा काळ सोडला तर वर्षात केव्हाही जाता येतं. ‘केव्हाही’ म्हटलं की माझ्यासारख्याच्या अंगात येतं. मक्केचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांना शिवतो, तेव्हा तो बाद. डिसेंबरात ऑफिसात वर्षअखेर, जानेवारीत भाचीचं लग्न. उरला फेब्रुवारी २०२६चा शेवट. हवा थंड, रजा शिल्लक, मुलांच्या परीक्षा लांब. हिरव्या रंगात चौकट भरली आणि अम्मीला बोलावून दाखवली. तिने चश्मा लावून स्क्रीनकडे पाहिलं, मग स्वयंपाकघरात मशिदीचं कॅलेंडर टांगलेलं असतं तिकडे पाहिलं.

“तेव्हा रोजे असतील रे.”

चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२५ची ईद मार्चअखेर झाली एवढंच माझ्या डोक्यात होतं आणि पुढच्या वर्षीही ती तिथेच बसून माझी वाट बघेल अशी माझी समजूत होती. २०३० साली तर एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होणार आहे, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात. हे मला इंटरनेटवर सापडलं. अम्मीला ते बोटांच्या पेरांवर येतं. रमजानातल्या उमऱ्याचं पुण्य मोठं, म्हणून गर्दी मोठी आणि हरमजवळच्या, म्हणजे काबागृहाच्या मशिदीजवळच्या, हॉटेलांचे दर त्याहून मोठे. ते दर ऐकून मी गाडी विकण्याचा विचार केला होता, पण माझी गाडी घेणार कोण?

मग फेब्रुवारीची चौकट पुसली, ऑक्टोबरची भरली आणि टूरवाल्या हाजीसाहेबांकडे गेलो. टूरवाल्यांच्या पत्रकाची भाषा सगळीकडे एकच: इकॉनॉमी, डिलक्स, पाच शेअरिंग, चार शेअरिंग, घरच्यासारखं जेवण, सोबत मौलाना, झियारत मोफत आणि हॉटेल हरमपासून पाचशे मीटर. कोणतंही पॅकेज विचारा, हॉटेल पाचशे मीटरवरच. इतकी हॉटेलं पाचशे मीटरवर बसवायची तर ती एकमेकांच्या मांडीवर बसवावी लागतील. आपण काही बावळट नाही, हे दाखवण्यासाठी मी तिथेच मोबाईलवर नकाशा उघडला. चालत जायचा रस्ता पावणेदोन किलोमीटर निघाला.

“हाजीसाहेब, हे पाचशे मीटर कसे?”

“सरळ रेषेत मोजा ना.”

मोजले. बरोबर पाचशे भरले. मध्ये फक्त एक डोंगर होता. मक्का शहर डोंगरांमधल्या दरीत वसलेलं आहे, तिथले रस्ते डोंगराला वळसा घालतात नाहीतर बोगद्यातून जातात. हरमजवळच्या ‘अब्राज अल-बैत’चा घड्याळाचा मनोरा ६०१ मीटर उंच आहे, शहरात बरंच लांबूनही तो दिसतो. हाजीसाहेबांच्या मते तो खिडकीतून दिसला की हॉटेल जवळच समजायचं. मी वाद घातला, आवाज चढवला आणि शेवटी पैसे वाढवून आठशे मीटरवरचं हॉटेल घेतलं. बाहेर पडताना हाजीसाहेब म्हणाले, हेच आम्ही तुम्हाला पाचशे म्हणून देणार होतो.

पुढचा प्रश्न अम्मीच्या गुडघ्यांचा. काबागृहाभोवती तवाफचे सात फेरे, त्यानंतर सफा ते मरवा अशी सई. सफा आणि मरवा यांच्यात साधारण साडेचारशे मीटर, अशा सात खेपा, म्हणजे तीन किलोमीटरच्या वर. शिवाय मध्ये हिरवे दिवे लागलेल्या टप्प्यात पुरुषांनी जरा दुडक्या चालीने जायचं. व्हीलचेअर मिळते, पण आधी चाचणी घ्यावी म्हणून मी सोसायटीचं गेट ते मागची पाण्याची टाकी हे अंतर मोजलं, खेपांचा हिशेब केला आणि अम्मीला खाली उतरवलं. सोबतीला मीही निघालो, पार्किंगच्या पट्ट्यात दुडकी चाल धरून. अम्मी तसबीह हातात घेऊन निघाली ती तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंशी कैरीच्या भावावर बोलत बोलत सगळ्या खेपा संपवून आली. तोवर मी टाकीच्या कट्ट्यावर बसून डावा गुडघा चोळत होतो.

“व्हीलचेअर सांगूनच ठेव,” अम्मी म्हणाली. “तुला लागेल.”

एहरामची तालीम त्याहून गाजली. एहराम म्हणजे पुरुषांसाठी दोन न शिवलेल्या पांढऱ्या चादरी, एक कमरेला, एक खांद्यावर. डोकं उघडं, अत्तर नाही, सुवासिक साबणसुद्धा नाही. बायकांना आपले नेहमीचे साधे कपडे चालतात, त्यामुळे अम्मी सोफ्यावर बसून तमाशा बघायला मोकळी होती. मीकात नावाची हद्द ओलांडण्याआधी एहराम बांधून नियत करायची असते आणि विमान जेद्दाला टेकण्याआधीच ती हद्द ओलांडतं. शहाणे लोक मुंबईच्या विमानतळावरच चादरी गुंडाळून घेतात. मी ठरवलं, विमानात बदलू. त्यासाठी विमानातल्या स्वच्छतागृहाच्या मापाची जागा हवी म्हणून वॉशिंग मशीनच्या कोपऱ्यात उभा राहून वेळ लावत होतो. खालची चादर तिसऱ्यांदा सुटत असताना बेल वाजली. पार्सलवाला मुलगा होता, ओटीपी मागत होता. एका हाताने चादर, दुसऱ्या हातात मोबाईल, उजवा खांदा उघडा, अशा अवतारात मी दार उघडलं. त्याने मला पाहिलं आणि पायरीवर दोन पावलं मागे सरून अदबीने चपला काढल्या.

“काका, पूजा चालू आहे का? मी नंतर येतो.”

“ये रे बाळा,” आतून अम्मी ओरडली, “अजून तालीमच चालली आहे!”

पार्सलात एहरामचा पट्टा होता.

सामानाच्या यादीत माझ्या दृष्टीने सर्वांत पक्कं काम झालं होतं ते मसाल्याचं. अम्मी दापोली तालुक्यातली. तिच्या मसाल्याशिवाय तिला घास उतरत नाही आणि टूरवाल्याच्या ‘घरच्यासारख्या’ जेवणातलं घर नेमकं कोणाचं हे काही लिहिलेलं नव्हतं. कस्टमवाल्यांना शंका नको म्हणून मी पुडीवर इंग्रजीत छापील लेबल चिकटवलं. त्यात सगळे घटक, ठळक अक्षरांत. उमऱ्याला जाणाऱ्यांच्या तरबियतीचा वर्ग मशिदीच्या हॉलमध्ये होता, तिथे मौलानांनी सामान कसं भरावं हे सांगायला सुरुवात केली तेव्हा मी नमुना म्हणून ती पुडी अभिमानाने पुढे केली. मौलानांनी लेबल वाचलं. धने, बडीशेप, दगडफूल इथवर त्यांची मान डोलत होती. पॉपी सीड्सवर ती थांबली.

खसखस सौदी अरेबियात नेता येत नाही. ती अफूच्या बोंडातली, म्हणून तिकडे तिची गणना अमली पदार्थांत होते आणि अमली पदार्थांबद्दल तिकडचा कायदा किती कडक आहे हे हॉलमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. बहुतेकांच्या नजरेत दया होती. चोरून नेणारे असतात, पण स्वतःच्या हाताने ठळक अक्षरांत कबुलीजबाब छापून नेणारा हा पहिलाच, असं मौलाना म्हणाले नाहीत. मला तसं ऐकू आलं. अम्मीने घरी येऊन खसखशीशिवाय नवा मसाला केला. मी त्याला लेबल लावलेलं नाही.

मदिनेचा आराखडाही असाच कोसळला. मक्का ते मदिना साडेचारशे किलोमीटर आहे. २०१८पासून हरमैन रेल्वे ताशी तीनशेच्या वेगाने धावते, म्हणून आम्ही दुपारी पोचणार आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दोघं मिळून मस्जिदे नबवीतल्या रियाजुल जन्नात नमाज पढणार, अशी माझी चौकट होती. पण तिथे ‘नुसुक’ अॅपवर परवाना काढून, मिळेल त्या वेळेला जायचं असतं आणि बायका-पुरुषांच्या वेळा वेगळ्या असतात. म्हणजे मला एक वेळ मिळणार आणि अम्मीला दुसरीच. अम्मीला याचं काहीच वाटलं नाही. मस्जिदे नबवीच्या अंगणात अडीचशे प्रचंड छत्र्या उघडतात, त्यांच्या सावलीत ती बसून राहील म्हणाली, चौकटीत बसायची तिला सवय नाही.

तिचे वडील, म्हणजे माझे नाना, हजला गेले ते जहाजाने. दाभोळहून बोटीने भाऊचा धक्का, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात मुक्काम, मग मोगल लाइनचं जहाज. जेद्दा यायला आठवडा उलटून जायचा. मुंबईहून हजची जहाजं १९९५ साली थांबली. रिझर्व्ह बँकेने १९५९ साली हाजींसाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या, त्यातल्या काही नानांच्या कनवटीला होत्या. ट्रंकेत तांदूळ, सुकी मासळी, कफनाचं कापड. “आणि प्लॅनिंग?” मी विचारलं. निघायच्या आधी नाना गावभर फिरले, म्हणे. ज्याचं देणं होतं ते फेडलं, ज्याच्याशी भांडण होतं त्याची माफी मागितली. बांधावरून ज्याच्याशी वीस वर्षं कोर्ट चाललं होतं त्याच्याही ओट्यावर जाऊन बसले.

“तू कुणाकुणाला फोन केलास?” अम्मीने विचारलं.

माझ्या फाइलमध्ये हे पान नव्हतं. उघडलं आणि तेच सर्वांत लांब झालं. पहिला फोन सोसायटीच्या सेक्रेटरींना लावला, कारण पार्किंगच्या जागेवरून मी त्यांना सर्वसाधारण सभेत जे बोललो होतो ते इतिवृत्तातही आलेलं आहे. म्हटलं, साहेब, उमऱ्याला चाललोय, काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा. पलीकडे बराच वेळ शांतता.

“हे तुम्हाला कुठल्या वकिलाने सांगितलं?” त्यांनी विचारलं.

शेवटी माफ केलं त्यांनी, आणि मक्केत सोसायटीच्या पुनर्विकासासाठीही दोन शब्द टाका म्हणाले. ते मी दुआंच्या यादीत, लग्न आणि कोर्टकचेरी यांच्यामध्ये नोंदवलं आहे. ऑक्टोबरात निघायचं आहे आणि यादीतले बरेच फोन बाकी आहेत. ज्यांना माझा फोन यायला हवा होता आणि अजून आलेला नाही, त्यांनी कृपया हा लेखच फोन समजावा.