मैत्री, साडेपाचशे टन

शेजारच्या देशात सत्ता पालटली रे पालटली, की आपल्या टीव्हीवर नकाशा झळकतो. ढाका कुणाच्या गोटात गेलं, कोलंबो कुणाच्या खिशात, माले कुणाकडे झुकलं! चीनने श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर 2017 साली 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतलं. ढाक्यात ऑगस्ट 2024 मध्ये सरकार गेलं आणि नोव्हेंबरात कराचीहून मालाचं जहाज थेट चितगावला लागलंसुद्धा. जाणकार कपाळाला हात लावतात. आपल्याकडे द्यायला आहे काय?

कांदा आहे. हसू नका, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात विचारून या. बंदर बांधायला वर्षं लागतात. नाशिकचा कांदा कधीचाच ढाक्याच्या कढईत जाऊन बसला होता. ना कर्ज, ना करार, ना लाल गालिचा.

मग 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली. न्हावाशेव्याला कंटेनर जागच्या जागी थांबले. पण मित्रांना कसं विसरायचं? म्हणून मैत्री मोजून द्यायचं ठरलं. बांगलादेशला 50 हजार टन. बहारीनला 3 हजार. मॉरिशसला 1200. आणि भूतानला 550. मी अडकलोय तो या साडेपाचशेवर. पाचशे का नाही? सहाशे दिले असते तर भूतान डोक्यावर बसला असता? कुणीतरी रात्री उशिरापर्यंत दिवा लावून हिशेब केला असणार: हिमालय इतका, सीमा इतकी, चीनचा डोळा इतका, वजा आपल्याकडच्या निवडणुका, बरोबर साडेपाचशे टन. वरचे पन्नास कशाचे, सणाचे की पाहुण्यांचे? आमच्या मार्केटातला तोलारही काटा असा धरत नाही.

आणि हा हिशेब चालू असताना शेतातला लाल कांदा कुणाच्या हिशेबात होता? तो उन्हाळ कांद्यासारखा चाळीत महिनोन्‌महिने टिकत नाही. गोणी ओली होते, तळातून काळं पाणी सुटतं, हात घातला की बोटं आत जातात. भाव पडला शेतकऱ्याचा, परराष्ट्र धोरण तुमचं! निर्यातबंदी 2019 ला, 2020 ला, 2023 ला... दर वेळी शहरातली भाजी स्वस्त ठेवायला त्याचाच गळा धरायचा आणि वर शेजारी कृतघ्न म्हणून बोंबलायचं. गिऱ्हाईक चार वेळा रिकाम्या हाती परतलं की दुसरं दुकान धरतं. शेजाऱ्यांनी पाकिस्तान, चीन, इजिप्तचा कांदा मागवला, तर त्यात परकीय शक्तींचा डाव कसला?

पुढची चर्चा स्टुडिओत नको. पहाटे मार्केटात ठेवा, आणि प्रत्येक जाणकाराच्या पाठीवर एकेक गोणी द्या. आवाज आपोआप खाली येईल.