उसाच्या गावात हुरडा

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेसात वाजता कर्वेनगरातून एक मोटार निघाली. आत चार माणसं, दोन पॉवर बँका, सनस्क्रीनची नवी कोरी बाटली आणि आबा. निघायचं ठरलं होतं सहाला. पण धाकट्या नातवाचा एक बूट सापडत नव्हता, तो सापडला तेव्हा थोरल्या नातीचा मूड हरवला होता, आणि दोन्ही हाती लागेपर्यंत सूनबाईंना गॅस बंद केल्याची शंका आली. तिसऱ्या मजल्यावर जाऊन पाहिलं तर गॅस बंद होता. तो नेहमी बंदच असतो.

बेत हुरड्याचा होता. आठवडाभर घरातल्या ग्रुपवर एक चित्र फिरत होतं: हिरवं शेत, फेटेवाला शेतकरी, आणि खाली यादी. हुरडा हवा तेवढा, बैलगाडीची सफर, झोके, मचाण, चुलीवरचं जेवण. माणशी आठशे रुपये, मुलांना निम्मे. आबांनी चष्मा लावून ती यादी दोनदा वाचली. ‘आठशे? तेवढ्यात महिन्याची ज्वारी येते की.’

चिरंजीव म्हणाले, ‘आबा, पैसे ज्वारीचे नाहीत. एक्स्पीरियन्सचे आहेत.’

आबा मंगळवेढ्याच्या बाजूचे. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. तिथल्या काळ्या रानात पाऊस संपल्यावर मातीत उरलेल्या ओलीवर जी मालदांडी उभी राहते, तिला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आबांना मानांकनाची गरज कधीच वाटली नव्हती. 1972 च्या दुष्काळात त्यांचं गाव सुटलं, पिंपरीच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि शेत भावाकडे राहिलं. ज्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारं रयतेला उघडी करून दिली असं सांगतात, ते आबांच्याच मुलखातले. गाडी म्हात्रे पुलाला लागली तेव्हा आबा खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाले, ‘दामाजीपंतांनी माणशी आठशे घेतले नव्हते.’

सोलापूर रस्त्याला आता राष्ट्रीय महामार्ग 65 म्हणतात. तो थेट आंध्रातल्या मछलीपट्टणपर्यंत, समुद्रापर्यंत जातो. रविवारच्या पुणेकरांना मात्र तो हडपसरपर्यंतच जातो की काय असं वाटतं. पुढे टेम्पो, मागे टेम्पो, डावीकडे आपल्याच सोसायटीतल्या लोकांची मोटार, तीही ‘गर्दीपासून दूर’ चाललेली. आषाढात तुकोबांची पालखी याच रस्त्याने जाते. पुणं सोडल्यावर तिचा पहिला मुक्काम लोणी काळभोरला, दुसरा यवतला. पालखी पायी जाते, वाटेत विसावे घेते, लाखो माणसं बरोबर असतात. तरी लोणी येईपर्यंत चिरंजीवांनी पालखीशी तुलना करून पाहिली आणि फार बोलण्यासारखा फरक नाही हे कबूल केलं.

उरुळी कांचनला गाडी थांबली. गांधीजींनी 1946 साली इथे निसर्गोपचार आश्रम काढला आणि मणिभाई देसाईंनी पुढे जन्मभर तो सांभाळला. माती, पाणी, ऊन, उपास आणि मिताहार यांवर माणूस बरा होतो, हा तिथला विचार. मंडळींनी आश्रमाच्या गावात उतरून मिसळ खाल्ली. चिरंजीवांनी तर्री दोनदा मागून घेतली. ‘हुरड्याला पोटात जागा ठेवा,’ असं सूनबाई म्हणाल्या, तोवर जागा गेलेली होती.

यवत मागे टाकून गाडी आत वळली आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. ऊस, मग ऊस, मग गुऱ्हाळाचा धूर, मग पुन्हा ऊस. चित्रातली हिरवी ज्वारी कुठे दिसेना. नातीने नकाशा मोठा करून पाहिला. नकाशात ज्वारी दिसत नाही. शेवटी कमान आली, कमानीला तुतारी लावलेली, आणि कमानीखाली दोन मुली हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभ्या. पुरुषांना पांढऱ्या टोप्या वाटल्या जात होत्या. आबांच्या डोक्यावर स्वतःची टोपी होतीच. ती काढून हातात देण्यात आली आणि पॅकेजमधली टोपी घालण्यात आली. ती कानापर्यंत आली.

शेतमालक पन्नाशीचे, अंगात जाकीट, हातात दोन फोन. आबांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘ज्वारी कुठंय?’

‘आमच्याकडं ऊस, आबा. कॅनॉलचं पाणी आहे. खडकवासल्याचं. तुम्ही पुण्यात नळाने घेता, आम्ही इथं पाटानं घेतो.’

हे सांगताना त्यांचा सूर फार गोड होता, पण चिरंजीवांचा चेहरा उतरला. कर्वेनगरात पाणीकपात झाली की सोसायटीच्या बैठकीत ज्यांच्या नावाने बोटं मोडली जातात, ते दौंड-इंदापूरवाले हेच. त्यांच्या अंगणात, त्यांच्याच माठातलं पाणी पिऊन भांडण काढणं प्रशस्त दिसलं नसतं. चिरंजीवांनी आणखी एक पेला घेतला.

‘मग हुरडा?’ आबांनी मुद्दा सोडला नाही.

‘हुरडा येतो ना टेम्पोनं. पहाटे तीनला. मंगळवेढ्याकडनं.’

आबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग हसायला लागले आणि हसता हसता त्यांना खोकला आला. मंगळवेढा तिथून दोनशे किलोमीटरच्या आसपास. बहात्तरला ते स्वतः जवळजवळ याच वाटेने एसटीच्या मागच्या बाकावर बसून आले होते. ‘तवा सरकारनं अमेरिकेतनं लाल ज्वारी आणली होती,’ ते नातवाला म्हणाले. ‘मिलो म्हनायचे. बोटीतनं आली. ही टेम्पोतनं आली. दारातली कधी खायला मिळणार, देव जाणे.’

शेतमालकांची यात काही फसवणूक नव्हती, हे सांगायला हवं. कृषी पर्यटनाचा धंदा महाराष्ट्रात आता चांगला रुळला आहे. बारामतीजवळच्या माळेगावात पांडुरंग तावरे यांनी 2005 मध्ये सुरुवात केली, तेव्हा शेत बघायला कोण पैसे देणार असं लोक म्हणत. 2020 मध्ये राज्य सरकारने त्याचं स्वतंत्र धोरणच केलं. उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा मिळतं. रविवारची आठशेची पावती रविवारीच मिळते. शेतकऱ्याला हिशेब कळतो. पाहुण्याला ज्वारी हवी, तर ज्वारी आणायची.

मग बैलगाडी. खिलारी जोडी होती, पांढरीशुभ्र, लांब शिंगांची. ही जातही माणदेश-पंढरपूरच्या अंगाची, म्हणजे तिथे जमलेल्यांत आबा, बैल आणि हुरडा एकाच मुलखातून आलेले. गाडी उसाच्या बांधाने जायची, विहिरीला वळसा घालायची आणि पाच मिनिटांत परत. विहिरीपाशी एका ठिकाणी बैल आपसूक थांबले. गाडीवानाने ना कासरा ओढला ना तोंडाने काही म्हणाला. सगळे आश्चर्याने बघू लागले. गाडीवान म्हणाला, ‘फोटो काढून घ्या, मग निघतील.’ खरंच, चौथा फोटो झाला आणि बैल चालायला लागले. दिवसाला चाळीस फेऱ्या मारणाऱ्या बैलाला माणसाचा फोन किती वेळ वर असतो, हे कळायला लागतं.

हुरड्याची आगटी मात्र खरी होती. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, विस्तवाच्या राखेत खुपसलेली कणसं. कणसं भाजली की बाहेर काढून गरम असतानाच तळहातावर चोळायची, दाणे पडतात, मग सुपात घोळून भुसकट उडवायचं. दाणा चिकात असून उपयोग नाही, वाळला तरी उपयोग नाही. मधल्या थोड्या दिवसांतच त्यातल्या साखरेचं पिठूळ व्हायचं राहिलेलं असतं आणि तो गोड लागतो. म्हणून जुने लोक भाकरीच्या ज्वारीत दोन-चार ओळी हुरड्याच्या वेगळ्या टाकत, गूळभेंडी किंवा सुरती. ते पीक विकायचं नसे. घरचे, गडी आणि वाटेने जाणारा कोणीही ते खाई.

नातवाने पहिला घास खाऊन विचारलं, ‘यात चीज असतं का?’ नातीला ज्वारीत ग्लुटेन नसल्याचं माहीत होतं आणि 2023 हे जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं हेही. तिने ते आबांना सांगितलं. आबांनी मान डोलवली. एवढं मोठं वर्ष येऊन गेलं आणि ज्वारीवाल्यांना पत्ताच नाही, याचं त्यांना विशेष वाटलं नाही.

चोळायला चिरंजीव पुढे सरसावले. पहिलं कणीस गरम लागलं म्हणून हातातून पडलं. दुसऱ्याचे दाणे निघाले, पण सगळे शर्टाच्या बाहीत गेले, आणि ज्वारीची कूस मानेत गेली की काय होतं हे त्यांना पुढचा तासभर कळत राहिलं. आगटीपाशी बसलेल्या मावशी बघत होत्या. आबांनी एक कणीस उचललं, झटकलं, दोन तळव्यांत धरून एकच पीळ दिला. ओंजळभर मऊ हिरवे दाणे खाली पडले. मावशींनी आगटीतलं पुढचं कणीस न बोलता आबांपुढे केलं. मग त्या दोघांचं असं काही जमलं की पुढचा अर्धा तास सगळ्या पंगतीला आबाच हुरडा चोळून वाढत होते. शेजारच्या टेबलावरच्या एका बाईंनी त्यांना ‘काका, इकडे लसणाची चटणी आणा’ असं सांगितलं. आबांनी आणून दिली. बाईंनी वीस रुपये पुढे केले, तेही त्यांनी घेतले. आठशेतले तेवढेच कमी झाले.

हुरडा झाल्यावर मचाण. शेतात पाखरं राखायला माळा असायचा, तसा इथे बांबूचा बांधलेला. फरक इतकाच की राखायला पीक नव्हतं. वर गोफणही टांगली होती. आबांचं बालपण गोफणीवर गेलेलं. पहाटे माळ्यावर चढायचं, दिवसभर हाकारे घालायचे, शाळा नाही, सुट्टी नाही. नातवाला त्याचा फार हेवा वाटला. ‘पण पाखरं कुठंयत?’ त्याने विचारलं. पाखरं होती कवडीपाटला, मुळा-मुठेच्या पाण्यावर, आणि त्यांच्याभोवती पहाटेपासून पुण्यातले कॅमेरे होते. आबा म्हणाले, पाखरू नसलं तर नसलं. दगड लावला, दोनदा फिरवला आणि सोडला. दगड उसावरून सणसणत गेला. क्षणभर शांतता. मग उसातून एक फोटोग्राफर बाहेर आला, त्याच्यामागे चंदेरी रिफ्लेक्टर धरलेला पोऱ्या, त्याच्यामागे नऊवारीतली मुलगी आणि तिच्यामागे फेट्यातला मुलगा. लग्नाआधीचं शूटिंग चालू होतं. दगड कोणाला लागला नाही. ‘तुम्ही लोक वर आहात हे आधी सांगायचं ना,’ फोटोग्राफर म्हणाला. हाकारे नेमके त्यासाठीच असतात, हे त्याला कोण सांगणार.

जेवणाला पिठलं, भाकरी, खर्डा. या पट्ट्यात पिठलं-भाकरीला नाव ठेवायला जागा नाही. यवतकर पालखीतल्या वारकऱ्यांना तेच वाढतात. मावशींनी भाकरी थापता थापता सूनबाईंना विचारलं, ‘तुमच्याकडं बघायला काय काय हाय, ओ ताई? पुढच्या सोमवारी सुट्टी घेतलीय. पोरगी म्हणतीय मॉल बघायचा आन् पिझ्झा खायचा.’ सूनबाईंनी दोन-तीन मॉल सांगितले. मावशींनी पार्किंगची चौकशी केली. तिकडे फार गर्दी असते असं त्यांच्या जावेचं म्हणणं होतं.

परतीचं काय सांगायचं? गळिताचा हंगाम, पुढे उसाचे दोन-दोन ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही पण गाणं जोरात. हडपसरला नऊ वाजले, घरी पोचायला दहा. सोमवारी चिरंजीवांनी घरून काम केलं. बरंचसं काम त्यांनी न्हाणीघराच्या जवळपास बसून केलं. तर्री, दही, हुरडा, गूळ, पिठलं आणि कॅनॉलचं पाणी यांतलं नेमकं काय बाधलं यावर घरात मतभेद आहेत. दुपारी त्यांनी उरुळीच्या आश्रमात राहायची सोय कशी असते ते शोधलं. आबांना काही झालं नाही. त्यांनी सकाळी मंगळवेढ्याला भावाला फोन लावून या वर्षी हुरड्याच्या ओळी टाकल्या का ते विचारलं. भाऊ म्हणाला, टाकल्यात, पण सगळ्या पुण्याच्या टेम्पोला दिल्या.

ज्यांना जायचं असेल त्यांनी फेब्रुवारीच्या मध्याच्या आत जावं, नंतर दाणा टणक होतो. हडपसर सकाळी सहाच्या आत पार करावं. मिसळ येताना खावी. आणि बरोबर चोळता येणारं एक म्हातारं माणूस न्यावं, त्याची टोपी मात्र त्याच्याच डोक्यावर राहू द्यावी.