पळाटीचे चार हात

किंक्रांतीच्या दुपारी आमच्या मानवतच्या घराच्या ओट्यावर, गुळाच्या ढेपेला मुंगळे चिकटावेत तशी सात लेकरं एका मोबाईलला चिकटली होती. मोबाईल माझा होता. पण दोन दिवसांपासून माझा त्यावरचा हक्क तो चार्जिंगला लावण्यापुरताच उरला होता. आत स्पायडरमॅनचं कार्टून चाललं होतं. १९९५ सालचं, म्हणजे ओट्यावरच्या सगळ्याच लेकरांच्या जन्माआधीचं. चित्र जुनं, रंग जरा विटके. पण बदमाश एकदम सहा. त्यामुळे कुणी उठायला तयार नव्हतं.

भाग असा. किंगपिन नावाचा तिजोरीएवढा रुंद शेठ सहा बदमाशांना गोळा करतो आणि स्पायडरमॅनला संपवायच्या कामाला लावतो. त्यांच्या इंग्रजी नावांचा लेकरांनी केव्हाच निकाल लावला होता. डॉक्टर ऑक्टोपस तेवढा डॉक्टर असल्यामुळे मानानं राहिला. बाकी काचेच्या गोल टोपात डोकं घालणारा मिस्टेरिओ हा बरणीवाला, शॉकर हा करंटवाला, ऱ्हायनो म्हणजे गेंड्या, कॅमेलिअन म्हणजे सरड्या आणि स्कॉर्पियन म्हणजे सरळ विंचू. विंचवाची मात्र आमच्याकडे कुणी फारशी थट्टा करत नाही. पळाटीच्या गंजीत हात घालताना आधी तोच आठवतो. विंचवाशी खरी झुंज घेतली ती शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. महाडला जाऊन त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचवाच्या विषावर वापरून दाखवलं आणि कितीतरी लेकरं वाचवली. पण ते पॅन्टच्या आत शर्ट खोचून हिंडणारे डॉक्टर. चड्डी पॅन्टच्या वर घातली असती, तर आमच्या ओट्यावर त्यांचंही नाव निघालं असतं.

मला स्वतःला अशा भागांतली लढाई फारशी आवडत नाही. ती लवकर उरकते आणि तिचा निकाल गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. आवडतं ते बदमाशांचं आपसातलं वागणं. हेतू सहाही जणांचा एक, पण मारायचं तर मीच मारणार, हा हट्टही सहाही जणांचा. गल्लीतल्या गणेश मंडळाची बैठक ज्यानं एकदा पाहिली आहे, त्याला हे नवं नाही. गणपती बसवायचा याबद्दल तिथं सगळ्यांचं एकमत असतं. भांडण असतं ते फलकावर कुणाचा फोटो केवढा, यावर.

पुढे हे सहा जण स्पायडरमॅनला खरंच धरतात. त्याची शक्ती तेव्हा आटत चाललेली असते. त्याचा बुरखा ओढून काढतात, तर आत पीटर पार्कर! आणि त्यांना पटतच नाही. असलं किरकोळ पोरगं स्पायडरमॅन कसं असेल, कुणीतरी तोतया असणार, असं ठरवून मोकळे. इथं ओट्यावर दोन तट पडले.

"बधिर हायेत सगळे," पुतण्या म्हणाला. "तोंड दिसलं की डोळ्यांनी!"

शेजारचा चष्मेवाला शांतपणे म्हणाला, "तुला तरी पटलं असतं का? उद्या आपल्या वर्गातलं मागच्या बाकावरचं पोरगं शक्तिमान निघालं, तर तू मानशील?"

पुतण्या गप्प झाला. बहुधा मागच्या बाकावर तोच बसत असावा.

मला राहवलं नाही. मोठ्या माणसाला लेकरांच्या चर्चेत तोंड घालताना लाज वाटायला हवी, पण इतिहास ठाऊक असला की ती वाटत नाही. मी सांगितलं की या टोळीचं खरं नाव सिनिस्टर सिक्स. सिनिस्टर हा शब्द लेकरांच्या कार्टूनला फार भयंकर होईल, म्हणून इथं तो बदलून इन्सिडियस सिक्स केला. याच मालिकेत मॉर्बियस नावाचा रक्तपिपासू आहे, तर तो रक्त मागत नाही, प्लाझ्मा मागतो.

"प्लाझ्मा म्हंजे?" धाकट्या पुतणीनं विचारलं. ती तिसरीत आहे.

"रक्तातलंच पाणी."

"मंग रक्तच की!"

जे अमेरिकेतल्या टीव्हीवाल्यांना सुचलं नव्हतं, ते तिला तिळाचा लाडू फोडता फोडता सुचलं.

मग मी १९६४ वर आलो. त्याच साली आपल्याकडे मुंबईहून इंद्रजाल कॉमिक्स निघू लागली. पुढे ती मराठीतही आली आणि वेताळ घराघरांत शिरला. आणि त्याच साली तिकडे स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको या जोडीनं स्पायडरमॅनच्या पहिल्या वार्षिकांकात ही सहा जणांची टोळी जमवली. तेव्हा तीत विंचू नव्हता, गेंड्याही नव्हता. ऑक्टोपस आणि बरणीवाल्याच्या जोडीला विजेचा इलेक्ट्रो, शिकारी क्रेव्हन, वाळूचा सँडमॅन आणि म्हातारा व्हल्चर. सहा जण एकत्र आले, बैठक झाली, आणि ठरलं काय? एकत्र हल्ला करायचा नाही. प्रत्येकानं आपापल्या जागी थांबायचं, नंबर ठरवून घ्यायचे आणि एकेकट्यानं लढायचं. पहिला नंबर इलेक्ट्रोचा, शेवटचा ऑक्टोपसचा. स्पायडरमॅननं त्यांना ओळीनं धुतलं. वर ऑक्टोपसनं पीटरच्या मे काकूला पळवून आणलेलं, तर तिला शेवटपर्यंत हा किती सभ्य, किती मर्यादेनं बोलणारा गृहस्थ आहे, याचंच कौतुक!

"पण काका," धाकटी म्हणाली, "ते एकेक करून कामून आले? सगळे यकदम आले असते तर?"

हा प्रश्न मी तिच्याएवढा असताना मलाही पडला होता, फक्त स्पायडरमॅनबद्दल नाही. १९९७ साली दूरदर्शनवर शक्तिमान सुरू झाला. पुढे तो रविवारी दुपारी बाराला लागायचा, आणि आमच्याकडची लाइट जायला तीच वेळ धरून बसलेली असायची. आमच्या गल्लीत एकाच घरी ट्रॅक्टर होता. त्या घरचा पोरगा ट्रॅक्टरची बॅटरी काढून कृष्णधवल टीव्हीला जोडायचा. बॅटरीला दोन चिमटे लावले की पडद्यावर आधी मुंग्या यायच्या आणि मग त्या मुंग्यांतून मुकेश खन्ना गरगर फिरत बाहेर यायचा. पण त्या पोराचे वडील ट्रॅक्टर घेऊन रानात गेले असले, की गल्ली कोरडी. मग सोमवारी शाळेत, ज्यांनी पाहिलं त्यांनी न पाहिलेल्यांना भाग सांगायचा.

आमच्या वर्गात एक असा सांगणारा होता. तमराज किल्विष आपला एकेक माणूस पाठवतो, डॉक्टर जॅकॉल काहीतरी भलतं यंत्र बनवतो, इथवर सगळे सारखंच सांगायचे. हा मात्र पुढे जायचा. त्याच्या किल्विषाकडे पाण्याखाली राहणारी एक फौज होती. त्याच्या जॅकॉलला एक लोखंडी कुत्रा होता, आणि तो कुत्रा रडायचा. आम्ही तोंड उघडं टाकून ऐकायचो. शाळेची घंटा झाली की तो अगदी मोक्याच्या जागी थांबायचा. एखाद्या जाणत्या कीर्तनकारानं आख्यान नेमकं तिथंच तोडावं, तसा. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं शक्तिमान पुन्हा दाखवला, तेव्हा मी मुद्दाम चिकटून बसलो. कुत्रा आला नाही. फौजही आली नाही. किल्विष एकटाच अंधारात उभा राहून डरकाळ्या फोडत होता आणि माणसं एकेक करून पाठवत होता. माझ्या लहानपणीचा निम्मा शक्तिमान तर मधल्या सुट्टीत तयार झाला होता. तो त्या पोरासोबतच गेला, कारण पुढे तो पोरगा पुण्याच्या बाजूला कुठंतरी कंपनीत लागला.

एकेक पाठवायची ही खोड फार जुनी. कंसाचंच बघा. आधी पूतना, मग शकटासुर, तृणावर्त, बकासुर, अघासुर, केशी. गोकुळात जणू पाहुण्यांची रीघ लागलेली. सगळ्यांना एका रात्रीत पाठवलं असतं, तर भागवताचा दशम स्कंध केवढासा झाला असता! सप्ताहातले बुवा मात्र षड्रिपूंबद्दल सांगतात ते निराळं. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. तेही सहाच, पण ते नंबर लावून बसत नाहीत. एकानं दार उघडलं की दुसरा आत शिरतो आणि तिसऱ्यासाठी कडी काढून ठेवतो. तसली टोळी कार्टूनवाल्यांना परवडायची नाही. तिचा भाग संपणारच नाही.

बदमाशांचं आणि आमच्या गावाचं एक नातं आहे, ते मी लेकरांना सांगत नाही. परगावी कुणी गाव विचारलं आणि मी मानवत म्हटलं, की समोरचा अर्धा क्षण थांबतो. १९७२ ते ७४ च्या दरम्यान इथं बायकामुलींचे जे खून झाले, त्यांच्यावर २०२४ मध्ये वेब मालिका आली, आणि तो अर्धा क्षण पाऊण झाला. कल्याण-निर्मल रस्ता आमच्या गावातून जातो, आमचा मोंढा कापसाचा, आमचं स्टेशन गावापासून इतकं लांब की त्याचं नावच मानवत रोड. यातलं काहीही कुणी विचारत नाही. त्या मेलेल्या लेकींची नावंही कुणी विचारत नाही. विचारतात ते फक्त मारणाऱ्यांचं.

असो. धाकटीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. ते आबांनी दिलं. आबा माझे चुलते. मोंढ्यात आडतीच्या दुकानावर मुनीम होते. आता ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बाजेवर पडून असतात, आणि ते झोपलेत असं समजून लेकरं जे बोलतात ते सगळं ऐकतात.

"एकेक येतेत ते बरं हाय की लेकरा," ते डोळे न उघडता म्हणाले. "मोंढ्यात ये एखाद दिवशी. भाव पाडायचा असला की एकेक येत न्हाईत. नजरंनं ठरतं सगळ्यायचं."

लेकरांना मोंढ्यातलं काही कळलं नाही. मग आबा उठून बसले.

"सहा जण यकदम आले व्हते एकदा."

"कोणत्या भागात?" पुतण्यानं विचारलं.

"तेराव्या."

पुतण्या फोनवर तेरावा भाग शोधायला लागला.

"युद्धाच्या तेराव्या दिवशी रं," आबा म्हणाले, आणि गठाणी मोजाव्यात तसे बोटांवर मोजायला लागले, "द्रोण एक, कृप दोन, कर्ण तीन, अश्वत्थामा चार, बृहद्बल पाच, कृतवर्मा सहा. आन् मधी सोळा वर्षाचं पोर. त्याचा रथ मोडला, धनुष्य तोडलं. चाक उचलून लढत व्हतं."

"मंग?"

"मंग काय. जिंकले."

फोनवर किंगपिन कुणावर तरी ओरडत होता. चष्मेवाल्यानं हात लांब करून त्याचा आवाज बंद केला.

"आबा, ते सहा जण व्हिलन व्हते का?" धाकटीनं विचारलं.

आबांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, उघडली, बघितली आणि पुन्हा मिटली. "त्यायच्यात गुरुजीबी व्हते," एवढंच म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले.

लेकरं फार वेळ गंभीर राहत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. दहा मिनिटांत अंगणात नवा खेळ मांडला गेला. अडचण एकच, बदमाश व्हायला सात जण तयार आणि स्पायडरमॅन व्हायला कुणीच नाही. विंचू, गेंडा, करंट सोडून काकूकडे राहणारा गरीब पोरगा कोण होणार? शेवटी ते काम धाकटीवर आलं. चष्मेवाला डॉक्टर ऑक्टोपस झाला. शेतातून नुकतीच उपटून आणलेली पळाटी परसात रचलेली होती. त्यातल्या चार सरळ काड्या त्यानं निवडल्या, सुतळीनं दप्तराला बांधल्या आणि दप्तर पाठीवर घेतलं. काड्यांच्या टोकांना वाळलेली बोंडं होती, तेच पंजे. एका बोंडात न वेचलेला कापूस राहिला होता, म्हणून तो हात जरा प्रेमळ दिसत होता. पुतण्यानं डोक्यावर वहिनींची रिकामी बरणी घातली. आतून तो काहीतरी फार भयंकर बोलत होता, पण बाहेर फक्त भुणभुण ऐकू येत होती.

"एकेकानं यायचं," स्पायडरमॅननं कमरेवर हात ठेवून बजावलं. "यकदम आले तर मी खेळणार न्हाई."

टोळीनं मान्य केलं. माझ्याकडून वहीचा कागद घेऊन चिठ्ठ्या पाडल्या. करंटवाल्याला सहावा नंबर आला, तो त्यानं मान्य केला नाही. पुन्हा पाडल्या. मग गेंड्या रुसला. तिसऱ्यांदा पाडेपर्यंत वहिनी हळदीकुंकवाला निघायच्या तयारीनं बाहेर आल्या. बरणीकडे त्यांचं लक्ष गेलं नाही, कारण ऑक्टोपसनं पुढे होऊन वाकून नमस्कार केला होता. "बघा, किती गुणाचं पोरगं हाय," त्या मला म्हणाल्या आणि त्याच्या दोन खऱ्या हातांवर दोन लाडू ठेवले.

तेवढ्यात कोपऱ्यावरून बायका आल्या. नव्या साड्या, हातात वाणाच्या पिशव्या, आणि सगळ्या ओट्यावरच्या लेकरांच्या आया. अंगणातला कागदाचा पसारा, मळलेले नवे कपडे आणि लोणच्याचा वास मारणारी बरणी त्यांनी एकाच नजरेत पाहिली. चिठ्ठी पाडायला त्यांच्यातली एकही थांबली नाही. गेंड्या न्हाणीत शिरला, विंचू बाजेखाली गेला, स्पायडरमॅन आबांच्या धोतरामागे. ऑक्टोपस फाटकाकडे पळाला, पण पाठीवरचे चार हात फाटकाच्या गजांत आडवे अडकले आणि तो तिथंच आपल्या आईच्या तावडीत सापडला.

सकाळी मी परभणीची गाडी धरायला निघालो, तर त्याचा एक हात अजून गजांत लोंबत होता. कापूस राहिलेला, तो प्रेमळवाला. वहिनींनी तो ओढून काढला, गुडघ्यावर मोडला आणि बंबात घातला.