सायकल जाईल का? कोकणातल्या नवशिक्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

परदेशात डोंगरी सायकलीच्या वाटांना पाट्या असतात. हिरवा गोल म्हणजे सोपी वाट, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळी चौकट म्हणजे घरच्यांना सांगून निघावे अशी. रत्नागिरी जिल्ह्यात अशी पाटी शोधू नये. इथे वाटेची प्रतवारी तोंडी होते आणि ती करून घेण्यासाठी नवशिक्याने पहिल्या चहाच्या टपरीवर थांबून विचारावे, "या वाटेने सायकल जाईल का?"

उत्तर ठरलेले आहे. "जाईल की!"

सायकल जाईल, एवढेच सांगणाऱ्याने सांगितले आहे. त्या वेळी तुम्ही सायकलीवर असाल की सायकल तुमच्यावर, याविषयी तो काहीही बोललेला नाही. म्हणून लगेच दुसरा प्रश्न टाकावा, "रोज कोण जातं या वाटेने?" गुरे जात असतील तर निर्धास्त जावे, गुरे उगाच चढ चढत नाहीत. शाळेची पोरे जात असतील तर पायऱ्या असणार हे गृहीत धरावे. "पूर्वी जायचे लोक" असे उत्तर आले तर ती वाट करवंदीच्या जाळीने कधीच गिळलेली आहे. आणि सांगणारा नुसताच हसला तर मुकाट्याने दुसरा चहा मागवावा.

आता हंगाम. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात जांभ्या कातळावर शेवाळ धरते. त्यावर चांगल्यात चांगला टायरही काही सेकंद आपल्या मताने चालतो. ऑक्टोबरात भातकापणी असते. तेव्हा मळ्याच्या मेरेवरून सायकल नेणाऱ्याला शेतकरी हाक मारतो, ती आदरातिथ्याची नसते. मार्चपासून हवेत इतका दमटपणा असतो की घाम येतो पण सुकत नाही, आणि घाम सुकल्याशिवाय अंग निवत नाही. म्हणजे राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही पहाटे निघून दहाच्या आत कुणाच्या तरी पडवीत मीठ घातलेले कोकम सरबत पीत बसलेले असावे. जो बाराला उघड्या उन्हात सापडतो त्याच्यासाठी ही मार्गदर्शिका नाही.

साधनांबद्दल फार लिहीत नाही, कारण दुकानदार लिहितोच. पुढच्या चाकाला सस्पेन्शन असावे, ब्रेक डिस्कचे असावेत, टायरात करवंदीचा काटा पचवणारे द्रव्य भरलेले असावे, डोक्यावर हेल्मेट असावे. बाकीची खरेदी मनाच्या समाधानासाठी असते. ज्या खेळाचे हे सगळे कौतुक, तो खेळ कॅलिफोर्नियात मारिन भागातल्या पोरांनी जुन्या, जड, फुगीर टायरांच्या सायकली डोंगरावरून सोडून देत सुरू केला. 1976 साली तिथे जी उताराची शर्यत लागली तिचे नाव 'रीपॅक', कारण एका उतारात मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून धूर निघायचा आणि प्रत्येक वेळी ते नव्याने भरावे लागायचे. तेव्हा गावातला एखादा मुलगा काकाच्या जुन्या सायकलीवरून, पायात स्लिपर घालून, तुमच्या शेजारून घंटी वाजवत उतारावर निघून गेला तर त्याला अडाणी समजू नये. परंपरा त्याच्याकडे आहे. तुमच्याकडे पावती आहे.

पहिला सराव सड्यावर करावा. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे जांभ्या दगडाचे सपाट पठार. वर चढून आल्यावर नवशिक्याला वाटते, आता काय, मैदानच! हा गैरसमज पहिल्या शंभर मीटरात हाडांपर्यंत पोचतो. जांभा वरून सपाट दिसतो, पण तो भोकाभोकांचा, धारदार कडांचा असतो. टायरातली हवा थोडी कमी करावी, सीटवरून किंचित उठून कोपर आणि गुडघे सैल ठेवावेत. जे हँडल घट्ट आवळून धरतात त्यांना संध्याकाळी भाताचा घास तोंडापर्यंत नेता येत नाही.

सड्यावर रस्ता चुकणे हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. चारी बाजूंना तेच पिवळे गवत, तोच काळा कातळ आणि क्षितिजावर तेच एकुलते झाड. फोनवरचा नकाशा जी रेघ दाखवतो ती बहुधा गुरांची वाट असते, आणि गुरे जिथे पाणी पितात तिथे ती संपते. एकाच झाडापाशी पुन्हा पोचलात तर गावकरी त्याला चकवा म्हणतील. अशा वेळी जुने लोक जागीच थोडे बसायला सांगत. सल्ला उत्तम आहे, फक्त बसण्याआधी दगड बघावा. फुरसे याच कातळावर राहते. हातभरही नसलेला हा साप खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करतो, आणि आपण तो आवाज सायकलीच्या चेनचा समजतो. पंक्चर काढायला सायकल टेकवावी म्हणून मोठा दगड उलटायचा मोह कटाक्षाने टाळावा. त्याखाली आधीच कुणी राहत असेल.

आणखी एक गोष्ट मात्र मस्करीची नाही. याच कातळात माणसाने फार पूर्वी चित्रे कोरून ठेवली आहेत. उक्षीचा हत्ती, काशेळीचा त्याहून अवाढव्य हत्ती आणि त्याच्या पोटात कोरलेली इतर प्राण्यांची गर्दी. कोकणातली ही कातळशिल्पे 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ती उभ्या दगडावर नाहीत, पायाखाली आहेत, आणि तिरपे ऊन नसेल तर रेषा डोळ्यांना सापडत नाहीत. अनोळखी सड्यावर गावातला माणूस सोबत असल्याशिवाय वाट सोडून सायकल घालू नये. हजारो वर्षे पाऊस सोसलेल्या रेषेवर आपल्या टायरची नक्षी उठवण्यात कसले कौशल्य?

सड्यावरून खाली उतरताना आंब्याच्या बागा लागतात. आंबा लागायच्या दिवसांत तिथे राखण असते, कुत्री असतात. तोंडाला फडके, पाठीला सॅक, डोळ्यांना काळा चष्मा अशा वेशात पहाटे साडेपाचला कलमांमधून शिरणारा माणूस आरोग्यासाठी आला आहे, हे राखणदाराला पटवणे अवघड असते. आधी हाक मारावी. बेडे उघडले तर आठवणीने लावावे. मागाहून गुरे आत शिरली तर पुढच्या वर्षी त्या वाटेवर तुमच्यासाठी तारेचे कुंपण झालेले असेल. सॅक स्वतःहून उघडून दाखवली तर चौकशी लवकर संपते आणि "कुणाकडे उतरलात?" या सुसंस्कृत प्रश्नाला सुरुवात होते. हाच प्रश्न पुढे तुमच्या आजोळापर्यंत जातो. तेवढा वेळ धरून चालावे.

मग पाखाडी. दोन्ही बाजूंना गडगे, मधे जांभ्याच्या पायऱ्या, वरून झाडांची दाट सावली, आणि शेवट थेट वाडीत. तंत्रावरच्या व्हिडिओंत पायऱ्या उतरताना वजन मागे घ्या, नजर लांब ठेवा, दोन्ही ब्रेक बेताने दाबा असे सांगतात. सगळे खरे आहे. पण ज्याने पाखाडी बांधली त्याने डोक्यावर भारा घेतलेल्या माणसाचे माप धरले होते, पाऊण मीटरहून रुंद हँडलचे नव्हे. त्यामुळे मधेच एका वळणावर हँडल दोन गडग्यांमध्ये अडकते आणि चालक पुढे निघून जातो. वाळलेल्या पानांखालची पायरी शाबूत आहे की निसटलेली, हे पान सांगत नाही. पहिल्यांदा पाखाडी चालत उतरावी. दुसऱ्यांदाही चालत उतरायला हरकत नाही.

समोरून हारा घेऊन कोळीण येत असेल तर सायकलीवरून उतरावे, सायकल उचलून गडग्याला टेकवावी आणि पोट आत घ्यावे. "साइड प्लीज" म्हणू नये. वाट तिची आहे, मासळीला उशीर चालत नाही, आणि तिच्या तोंडून जे ऐकायला मिळेल त्यावर हेल्मेटचा उपयोग होत नाही.

पाखाडी संपली की समुद्र. इथे बहुतेकांची पहिली चूक होते ती मऊ वाळूत. वरच्या कोरड्या वाळूत पेडल कितीही मारले तरी सायकल जागच्या जागी रुतते. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी ओली पट्टी मात्र रस्त्यासारखी घट्ट असते. तिची वेळ कळायला ॲप लागत नाही. तिथीला पाऊणपट करावी, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण होते. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास वाळू मोकळी. हिशेब नामी आहे. फक्त गणपतीपुळ्याला तो वापरू नये. चतुर्थीला तिथे वाळू मोकळी होते ती पाण्यापासून, भक्तांपासून नव्हे.

भरतीच्या रेषेच्या वर सायकल न नेण्याचे आणखी एक कारण आहे. ऑलिव्ह रिडले कासविणी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात तिथेच अंडी घालतात, म्हणजे नेमका तुमचा हंगाम तोच त्यांचा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून वेळासला त्यांच्या घरट्यांची राखण सुरू केली, मग इतर किनारेही त्यात आले. कुठे जाळीचे कुंपण दिसले तर ते उडी मारायच्या सरावासाठी घातलेले नाही.

घरी आल्यावर सायकल आधी गोड्या पाण्याने धुवावी, पुसावी, चेनला तेल द्यावे. खारी हवा रात्रभरात काम सुरू करते. आंघोळ नंतर.

शेवटी सुटकेविषयी. गिअर बदलणारा डिरेलर कधीतरी दगडाला लागून वाकणार, आणि तेही मोबाइलला रेंज नसलेल्या ठिकाणी. डांबरी रस्त्यापर्यंत ढकलत यावे आणि छोटा हत्ती नावाचा टेम्पो येईपर्यंत उभे राहावे. काशेळीचा मोठा हत्ती पाहायला गेलेले पुष्कळ जण या छोट्या हत्तीतून परततात. सायकल मागे बर्फाच्या पेट्यांवर आडवी ठेवावी. तिला दोन दिवस बांगड्याचा वास येईल, त्याला इलाज नाही. गाडी सुरू झाली की ड्रायव्हर विचारेल, "केवढ्याची?" खरी किंमत सांगू नये, एक शून्य गाळून सांगावी. त्यावरही तो गाडी हळू करून तुमच्याकडे बघेल. मग विचारेल, "गिअर किती?"

"बारा."

"आणि ढकलत होतात?"

भाडे गाडीत चढण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. किंमत कळल्यावर ते वाढते.