खालच्या मांगरातले नेपाळी

"काकू, बागेतल्या खालच्या मांगरात राखणदार आले वाटतं? रात्री बॅटरीचा उजेड दिसला."

"परवाच उतरले गो. तिकडचा दशैं, म्हणजे त्यांचा दसरा, आटोपला की निघतातच. नवरा-बायको, दोन पोरं नि दीर. आता मेअखेरपर्यंत घोर नाही." काकूंनी सुपलीच गडग्यावर ठेवली, म्हणजे आता अर्धा तास नक्की. "थोरला ठाण्याला, धाकटा पुण्याला. तुडतुड्याच्या फवारणीला नळी कोण धरणार? वानरांमागे कोण धावणार? ह्यांचे गुडघे तर जिनासुद्धा चढू देत नाहीत, घळ घेऊन कलमावर कसले चढतायत!"

"तुमचं भागलं हो. पण तुमच्या जुन्या गड्याने मजुरी वाढवून मागितली, तर काकांनी काय सांगितलं?"

"परवडत नसेल तर राहू दे म्हणाले. त्यात काय चुकलं? तो दुपारी दोनलाच निघतो."

"घरी म्हैस आहे त्याची, निघणारच. नेपाळी चोवीस तास बागेतच, राखणही त्यातच उरकते. त्याची बरोबरी गड्याने करायची कशी? त्याचा मुलगा शेवटी मुंबईला गेला, कुठल्याशा सोसायटीत वॉचमन म्हणून."

काकू क्षणभर गप्प. मग बोलणं मिरकरवाडा बंदराकडे वळवलं. अडचण आली की त्या बंदरावर जातात.

"बोटवाल्यांचे हाल बघ त्यापेक्षा. १ जून ते ३१ जुलै बंदी, खलाशी गावाला. १ ऑगस्टला समुद्र उघडतो नि बोट उभीच! उचल घेतलेला नेपाळी परतलाच नाही, नाहीतर दुसऱ्याच बंदरात चढलेला. इथली पोरं जाळ्याला हात लावत नाहीत."

"वाण्याची मात्र चंगळ. तांदूळ, तेल, रिचार्ज."

"उरलेला पैसा जातो नेपाळला."

"तुमच्या सासऱ्यांची गिरणीतली मनिऑर्डर यायची, तेव्हा मुंबईवाले कुठे काय म्हणाले?"

"म्हणत असतील गो. आपल्याला इथे कुठे ऐकू येत होतं!"

हे मात्र काकू बिनतोड बोलल्या. सगळं कोकण मनिऑर्डरवर जगलं. ज्यांच्या चाळीत आपली माणसं दाटीवाटीने झोपली त्यांना आपण कधी विचारलंच नाही.

"मांगरातल्यांची पोलिसांकडे नोंद केलीत का?"

"उद्या जातो, उद्या जातो म्हणतायत. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही, मग कागद कशाला, असं ह्यांचं म्हणणं."

"कागद द्याच. वाडीत पंप चोरीला गेला की पहिली झडती मांगराची होते. २०२० च्या टाळेबंदीत हीच माणसं इथे अडकली म्हणून तुमचा आंबा उतरला. तेव्हा कोणी नाही झडती घेतली."

"पोरगी गोड आहे हो त्यांची. गेल्या हंगामात शाळेतून येताना मराठीत पाढे म्हणायची. मास्तर खूश होते, पट वाढला म्हणून." काकूंनी सुपली उचलली. मीही आवाज जरा खाली आणला.

"काकू, तिची आई धुण्याभांड्याला येईल का हो आमच्याकडे?"

"बघा! आत्ता गड्याचा कैवार घेत होतीस. त्याची सून आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. पण ती पगार वाढवून मागतेय."