रिफ्रेशचा नित्यनेम

कॉम्प्युटर सुरू झाला की अनेक घरांत पहिला विधी ठरलेला: डेस्कटॉपवर राइट क्लिक, मग रिफ्रेश. एकदा करून भागत नाही, चार-पाच वेळा तरी हवेच. त्याने मशीन ‘मोकळे होते’ अशी गाढ श्रद्धा. प्रत्यक्षात विंडोज पडद्यावरचे आयकॉन पुन्हा मांडते, एवढेच. मेमरी रिकामी होत नाही, वेगही वाढत नाही.

मशीन अडले की दुसरा उपाय, ‘बंद करून चालू कर.’ तोही आता अर्धवटच लागू पडतो. २०१२ साली विंडोज ८ आले, सोबत ‘फास्ट स्टार्टअप’ आले. ते चालू असेल, तर ‘शट डाउन’ करताना सिस्टिमचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. रात्रीचे दुखणे सकाळी ताजेतवाने होऊन हजर! कोरी सुरुवात हवी, तर ‘रीस्टार्ट’च.

ही सोय बंद करायची म्हटली, तर नव्या सेटिंग्जचा उपयोग नाही. विंडोज ११ मध्येही बिऱ्हाड न सोडलेल्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’ गाठावे लागते. तिथली चौकट आधी करडी, हात न लावू देणारी. ‘सध्या उपलब्ध नसलेली सेटिंग्ज बदला’ अशा अर्थाची ओळ दाबल्यावर ती उपलब्ध होते.